पेशींचे वर्ज्य स्वर

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याकडच्या आमच्या भागात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच नाव होतं, जीबीएस, म्हणजे गुइलेन-बॅरे सिंड्रोम, हातापायांतलं बळ घालवणारा आजार. किरकटवाडी, नांदेडगाव, धायरी, खडकवासला ही आमची येण्याजाण्यातली गावं रोज बातम्यांत दिसू लागली. घरोघर पाणी उकळायला सुरुवात झाली, कोपऱ्यावरची पाणीपुरीची गाडी ओस पडली. पुढच्या काही आठवड्यांत पुणे परिसरात दोनशेहून अधिक रुग्णांची नोंद झाली. काही जण दगावलेही.

आमच्याच मजल्यावरच्या काकूंचा नातू त्या रुग्णांपैकी एक. १९ वर्षांचा, ढोल-पथकात वाजवणारा धडधाकट मुलगा. त्याला जुलाब झाले, तीन दिवसांत थांबलेही. दहाएक दिवसांनी सकाळी पायांत मुंग्या आल्या, दुपारी जिना उतरताना गुडघे दुमडू लागले आणि दुसऱ्या दिवशी त्याला पलंगावरून उठवेना. रात्री दवाखान्यातून परतल्यावर काकू माझ्या दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अगं, तू जीवशास्त्र शिकवतेस ना? पोट बिघडलं होतं त्याचं. मग पाय कसे गेले?"

मी सांगितलं, की शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. बातम्यांतही हेच येत होतं. उत्तर बरोबर होतं, पण काकूंच्या हाती त्यातून काहीच लागलं नाही. नसांवरच का? त्यातही पायांच्या का? बरं व्हायला महिनोन्‌महिने का लागतात, जुलाब तर तीन दिवसांत गेले? या प्रश्नांची उत्तरं आपल्या पेशी कशा घडल्या आहेत त्यात आहेत. ती इथे सवडीनं मांडते आहे.

## दोन शब्द आधी

आपल्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात. एवढ्या अफाट संख्येत प्रकार मात्र साधारण दोनशेच. मिळून एखादं काम करणाऱ्या पेशींच्या गटाला ऊती म्हणतात. त्वचेचा बाहेरचा थर किंवा आतड्याचा आतला थर ही अस्तराची ऊती. हाडं, कूर्चा (सांध्यांतली लवचीक गादी), रक्त या आधार देणाऱ्या आणि जोडणाऱ्या ऊती. तिसरी स्नायूंची आणि चौथी चेतांची, म्हणजे संदेश वाहणारी. रोजच्या बोलण्यात आपण 'नस' हा शब्द रक्तवाहिनीलाही वापरतो आणि संदेश नेणाऱ्या चेतेलाही. या लेखापुरतं नस म्हणजे चेता एवढं लक्षात ठेवा.

ऊतींची ओळख पटवणारा माणूस होता फ्रान्समधला झेवियर बिशा. १८०० च्या सुमारास त्यानं सूक्ष्मदर्शकाशिवाय, नुसती नजर आणि बोटं वापरून शरीरातल्या २१ ऊती वेगळ्या काढल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, वयाच्या तिशीत तो वारला. केवढं काम करून गेला, याचं मला दर वर्षी वर्गात सांगताना नवल वाटतं.

पाठ्यपुस्तकात एक वाक्य असतं, 'पेशीची रचना तिच्या कार्याला अनुरूप असते.' मीही ते फळ्यावर कितीदा लिहिलं आहे. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. कामाला अनुरूप होताना पेशीनं काय सोडून दिलं, हे त्यात येत नाही. आणि आजार बहुतेक वेळा त्या सोडलेल्या जागेतूनच शिरतो.

## पेटी तीच, राग वेगळा

काकूंचा पुढचा प्रश्न सरळ होता. सगळं शरीर एकाच पेशीपासून झालं म्हणता, मग डोळ्याची पेशी वेगळी आणि आतड्याची वेगळी कशी?

डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला बसणाऱ्यांना हे चटकन उमगेल. भूप गाताना मध्यम आणि निषाद लावत नाहीत. मालकंसात ऋषभ आणि पंचम लागत नाहीत. साथीच्या पेटीवर त्या पट्ट्या असतातच, त्या रागात त्यांना बोट लागत नाही इतकंच. ते वर्ज्य स्वर. भूपाचा भूपपणा जितका लागलेल्या स्वरांत आहे, तितकाच न लागलेल्या स्वरांत आहे.

पेशींचं तसंच आहे. जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएची पूर्ण प्रत असते, म्हणजे सगळ्या पट्ट्या असतात. गर्भ वाढत असताना शेजारच्या पेशींकडून येणाऱ्या रासायनिक खुणांनुसार काही जनुकं, म्हणजे डीएनएतल्या प्रथिनं बनवायच्या कृती, चालू होतात, बाकीची मिटून ठेवली जातात. आतड्याच्या पेशीत रक्तातला प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनची कृती असते, पण ती वाचली जात नाही.

मिटलेली पट्टी तुटलेली नसते कशावरून? १९६२ मध्ये इंग्लंडच्या जॉन गर्डन यांनी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक काढलं. केंद्रक म्हणजे पेशीतली डीएनए ठेवलेली पेटी. ते त्यांनी केंद्रक निकामी केलेल्या अंड्यात घातलं. काही अंड्यांतून पोहणारी पिल्लं निघाली. आतड्याच्या पेशीतल्या डीएनएत डोळा, हृदय, शेपूट सगळ्याची कृती शाबूत होती. त्यांना याबद्दल ५० वर्षांनी, २०१२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

## तांबडी पेशी घरदार सोडते

वर्ज्य करण्याची कमाल पाहायची तर रक्तातली तांबडी पेशी पाहा. अस्थिमज्जेत, म्हणजे हाडातल्या मगजात, ती तयार होते तेव्हा तिच्यात केंद्रक असतं. रक्तात उतरण्याआधी ती ते बाहेर टाकून देते. पेटीच उचलून फेकली म्हणा ना. प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकाही ती काढून टाकते.

मिळतं काय? जागा. रिकाम्या झालेल्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू मावतात आणि प्रत्येक रेणू प्राणवायूचे चार रेणू उचलतो. तंतुकणिका नसल्यामुळे ही पेशी स्वतः वाहत असलेला प्राणवायू खर्चही करत नाही. दूध घालणाऱ्यानं वाटेत आपल्याच कॅनमधलं दूध पिऊ नये, तसं. स्वतःचं भागवायला ती साखरेचं प्राणवायूविना विघटन करते.

आकारही पाहण्यासारखा. पेढा वळताना मधे अंगठा दाबतात तसा खळगा, पण दोन्ही बाजूंनी. त्यामुळे पृष्ठभाग वाढतो आणि आतला कुठलाच भाग पृष्ठभागापासून लांब राहत नाही. पेशीचा व्यास ७ ते ८ मायक्रॉन असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि अनेक केशवाहिन्या, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्या, त्याहून अरुंद असतात. टच्च भरलेल्या गोळ्याला त्यातून जाता आलं नसतं. ही पेशी दुमडून, लांबट होऊन पार पडते.

आणि गमावलं काय? दुरुस्तीची सोय. केंद्रकच नाही, तर झिजलेलं प्रथिन नव्यानं करायची कृती आणणार कुठून? म्हणून तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते आणि अस्थिमज्जेला दर सेकंदाला वीसेक लाख नव्या पेशी घडवाव्या लागतात.

या १२० दिवसांशी आपल्या शहरातल्या कितीतरी घरांची ओळख आहे, फक्त वेगळ्या नावानं. मधुमेह्यांना डॉक्टर 'तीन महिन्यांची साखर' तपासायला सांगतात, ती एचबीएवनसी चाचणी. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटत राहते. पेशी हिमोग्लोबिन बदलू शकत नसल्यामुळे चिकटलेली साखर तिच्या आयुष्यभर तिच्यावर राहते. म्हणून चाचणीच्या आदल्या दिवशी गोड टाळलं तरी आकडा हलत नाही. त्याच्यात दोन-तीन महिन्यांची नोंद असते.

पावसाळ्यात डेंग्यूच्या दिवसांत घराघरांत ज्यांची मोजणी चालते त्या प्लेटलेट्सही अशाच. त्या तर पुऱ्या पेशीही नाहीत, अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशींचे तुटलेले तुकडे आहेत. आयुष्य ८ ते १० दिवसांचं. एवढ्या थोड्या आयुष्यामुळे त्या सतत मोठ्या संख्येनं बनत असतात, आणि ताप ओसरताना आकडा भराभर चढतो. त्याच सुमारास घेतलेल्या कशालाही, मग तो पपईच्या पानांचा रस का असेना, श्रेय द्यावंसं वाटतं ते त्यामुळे.

## आतड्याचं अस्तर आणि पातळपणाची किंमत

आता नातवाच्या आजारपणाची सुरुवात झाली त्या जागी येऊ. लहान आतड्याचं काम अन्नरस शोषून घेण्याचं. त्यासाठी दोन गोष्टी लागतात, भरपूर पृष्ठभाग आणि पातळ भिंत. आतड्याला आतून घड्या असतात. घड्यांवर मिलिमीटरभर उंचीचे बोटांसारखे उंचवटे, आणि उंचवट्यांवरच्या प्रत्येक पेशीच्या माथ्यावर सूक्ष्म केसांसारखी दाट झालर. टर्किशचा टॉवेल साध्या पंचापेक्षा जास्त पाणी टिपतो त्याचं कारण हेच.

हा सगळा पृष्ठभाग उलगडला तर टेनिसच्या मैदानाएवढा होईल, असं जुन्या पुस्तकांत असतं. नंतर जास्त काळजीपूर्वक मोजल्यावर तो ३० चौरस मीटरच्या आसपास निघाला, म्हणजे बॅडमिंटनच्या कोर्टाच्या निम्म्याहूनही थोडा कमी. ज्या खेळाला ब्रिटिश काळात आपल्या गावावरून 'पूना' म्हणत, त्याच्या कोर्टाशी तुलना करायला मला जास्त आवडतं. पोटाएवढ्या जागेत एवढं बसवलं आहे हेही काही थोडं नाही.

भिंत मात्र एका पेशीची. अन्नरस आणि रक्त यांच्यामध्ये पेशींचा एकच थर आणि त्याला लागून केशवाहिनीचा पातळ पडदा. जाड भिंत सुरक्षित असते, पण तिच्यातून काही आत येणार नाही. शरीरानं इथे सुरक्षितता सोडली आणि दोन उपाय योजले. एक, अस्तराच्या पेशी तीन ते पाच दिवसांत झडतात आणि खालून नव्या येतात, त्यामुळे जखमी झालेलं अस्तर लवकर भरून निघतं. नातवाचे जुलाब तीन दिवसांत थांबले त्यामागे हेही आहे. दुसरा उपाय म्हणजे या पातळ भिंतीच्या मागे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा मोठा पहारा.

पुण्यातल्या त्या साथीत अनेक रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. दूषित पाण्यातून आणि अर्धवट शिजलेल्या अन्नातून, विशेषतः कोंबडीच्या मांसातून, तो पोटात जातो. आकार मळसूत्रासारखा, त्यामुळे आतड्यावरच्या चिकट थरात तो गिरमिटासारखा शिरतो. तो शिरला आणि भिंतीमागचा पहारा जागा झाला. त्याच्यासाठी प्रतिपिंडं तयार झाली. प्रतिपिंड म्हणजे घुसखोराच्या अंगावरची एखादी खूण नेमकी ओळखून तिला चिकटणारं प्रथिन. ती बनवणाऱ्या पेशीही आपल्या कामाला वाहिलेल्या. बाकी कामं बाजूला ठेवून सेकंदाला हजारो प्रतिपिंडं बाहेर टाकतात.

इथपर्यंत सगळं जसं व्हायला हवं तसंच झालं होतं.

## मीटरभर लांबीची पेशी

पायाचा अंगठा हलवणारी चेतापेशी कुठे असते? तिचं केंद्रक कमरेच्या पातळीवर, मेरुरज्जूत, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या चेतांच्या जाड दोरीत. तिथून एक बारीक तंतू निघतो तो मांडी, पोटरी, घोटा करत पावलापर्यंत जातो. हा अक्षतंतू. उंच माणसात तो मीटरभर लांब असू शकतो आणि जाडी मात्र मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहून जास्त नाही. दोऱ्यासारखी पसरलेली एकच पेशी.

एवढ्या लांब तारेतून संदेश वेगानं कसा न्यायचा? एक मार्ग म्हणजे तार जाड करणं. समुद्रातल्या म्हाकुळानं तो धरला. त्याचा सर्वांत मोठा अक्षतंतू मिलिमीटरभर जाड होऊ शकतो, आणि वेग मिळतो सेकंदाला २५ मीटरच्या आसपास. आपल्या पायात तसे हजारो तंतू ठेवायचे तर पायात दुसरं काही राहिलं नसतं.

आपल्याकडे दुसरा मार्ग आहे. श्वान पेशी नावाच्या मदतनीस पेशी अक्षतंतूभोवती स्वतःला गुंडाळून घेतात. नाव जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांच्यावरून. सुरळीची वडी करताना पातळ थर फिरवत नेतात, तसे वेढ्यावर वेढे. गुंडाळताना ही पेशी आपल्या आतला द्रव जवळजवळ पिळून बाहेर काढते आणि उरतो तो मुख्यतः स्निग्ध पदार्थाचा थर, मायलिन. म्हणजे इथेही त्यागच, आपलं पोट रिकामं करून दुसऱ्याचं पांघरूण होण्याचा. एक श्वान पेशी साधारण मिलिमीटरभर तंतू झाकते. मग एक अगदी छोटी उघडी फट, मग पुढची पेशी.

या फटींतच मेख आहे. विद्युत संदेश मायलिनखालच्या भागात रेंगाळत नाही, एका फटीवरून पुढच्या फटीवर उडी घेतो. पॅसेंजर प्रत्येक स्टेशन घेते, डेक्कन क्वीन मोजकीच घेते. फरक एवढाच, की फटीवर संदेशाचा वेळ जात नाही, उलट तिथे त्याला नव्यानं जोर मिळतो. घाट चढायला कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिन लावतात, तसा. मायलिन असलेल्या जाड तंतूतून संदेश सेकंदाला १०० मीटरपर्यंत धावतो. मायलिन नसलेल्या बारीक तंतूत तोच वेग एक-दोन मीटर.

खात्री करायला प्रयोगशाळा नको. उंबरठ्याला अंगठा ठेचकाळला की आधी लख्ख कळ येते आणि क्षणभरानं तो खोल, जळजळता ठणका सुरू होतो. कळ मायलिनवाल्या तंतूनं येते, ठणका उघड्या तंतूनं. ठेच एकच, पण दोन गाड्या वेगवेगळ्या वेळी पोचतात.

## मग पाय कसे गेले?

आता काकूंच्या प्रश्नाला हात घालता येतो. कॅम्पिलोबॅक्टरच्या काही वाणांच्या अंगावर साखर आणि स्निग्धाची जी रचना असते, ती आपल्या चेतातंतूंच्या पृष्ठभागावरच्या रेणूंसारखी दिसते. जिवाणूवर उगारलेली प्रतिपिंडं त्या सारखेपणामुळे चेतांनाही चिकटतात. आतड्यात लढाई संपते, प्रतिपिंडं मात्र रक्तात फिरत राहतात. म्हणून जुलाब आणि अशक्तपणा यांच्यात एक ते तीन आठवड्यांचं अंतर पडतं आणि घरच्यांना दोन्हींचा संबंध लक्षात येत नाही.

आजाराचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात हल्ला मायलिनवर होतो, वेढे सुटतात, संदेश मंदावतो किंवा वाटेतच विझतो. दुसऱ्यात, आणि कॅम्पिलोबॅक्टरनंतर हा बऱ्याचदा दिसतो, हल्ला खुद्द अक्षतंतूवर होतो. तोही कुठे? त्या उघड्या फटींवर. वेगासाठी जी जागा झाकायची सोडली, तीच सापडते.

पाय आधी का, हेही आता उलगडतं. तंतू जितका लांब तितक्या त्याच्यावर फटी जास्त, तितके वेढे जास्त, म्हणून कुठेतरी बिघाड व्हायची शक्यता जास्त. सगळ्यांत लांब तंतू पावलांचे. तिथून अशक्तपणा वर चढतो, हातांपर्यंत, कधी गिळण्याच्या आणि श्वासाच्या स्नायूंपर्यंत. म्हणूनच काही रुग्णांना व्हेंटिलेटर लागतो.

आजाराचं नाव गुइलेन आणि बॅरे या फ्रेंच डॉक्टरांवरून आलं. त्यांनी स्ट्रोल या सहकाऱ्यासह १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धातल्या दोन सैनिकांच्या तपासणीतून त्याचं वर्णन केलं.

"पण त्या दिवसांत पोट तर अख्ख्या सोसायटीचं बिघडलं होतं," काकू म्हणाल्या. "यालाच का?" हा आक्षेप रास्त आहे. कॅम्पिलोबॅक्टरचा संसर्ग झालेल्या साधारण हजारात एकाला जीबीएस होतो. सारखेपणा असलेलाच वाण पोटात जावा लागतो, आणि ज्याच्या प्रतिकारशक्तीकडून ही गल्लत होईल असा माणूसही गाठ पडावा लागतो. नातवाच्या हातून काही चुकलं होतं असं अजिबात नाही. हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे त्याच्या उशाशी बसायला घाबरायचं काही कारण नव्हतं. तेही सांगावं लागलं, कारण काही नातेवाईक दारातूनच परत जात होते.

उपचार दोन. एकतर अनेक दात्यांच्या रक्तद्रवातून वेगळी काढलेली प्रतिपिंडं शिरेवाटे देतात, त्यांनी चुकलेल्या प्रतिपिंडांचा जोर कमी होतो. किंवा रुग्णाचा रक्तद्रव यंत्रातून बदलतात. दोन्ही सुरुवातीच्या दोन आठवड्यांत जास्त उपयोगी पडतात. म्हणून हातापायांत मुंग्या येऊन अशक्तपणा वर चढत असेल, गिळायला त्रास होत असेल, तर 'जुलाबाचा थकवा असेल' म्हणत घरी थांबू नये.

## डोळा, गुडघा आणि रस्त्याकडेचं झाड

हा हिशेब एकदा दिसायला लागला की जिथे तिथे दिसतो. डोळ्यातल्या भिंगाच्या पेशींनी पारदर्शक राहण्यासाठी केंद्रक आणि आतले सगळे अवयव सोडून दिले, कारण त्यांनी प्रकाश विखुरला असता. त्यामुळे भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं जन्मभर बदलत नाहीत. सत्तर वर्षं तीच प्रथिनं ऊन झेलतात, गढूळ होतात आणि मोतीबिंदू होतो. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यानं, म्हणजे पारपटलानं, रक्तवाहिन्याच वर्ज्य केल्या. त्याला प्राणवायू मुख्यतः समोरच्या हवेतून, अश्रूंच्या थरात विरघळून मिळतो. रक्तवाहिन्या नसल्यानं प्रतिकारशक्तीची तिथे फारशी ये-जा नसते, म्हणून नेत्रदानात मिळालेलं पारपटल बाकी अवयवांपेक्षा सहज स्वीकारलं जातं.

पर्वतीच्या पायऱ्या रोज चढणारे आजोबा विचारतात, हाताची जखम भरते मग गुडघ्यातली झीज का भरत नाही? कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. प्रत्येक पावलाला तिथे जो दाब पडतो त्यात त्या चेपल्या गेल्या असत्या. दाब सोसायची ताकद मिळाली, भरून यायची गेली.

झाडांत तर पाणी वर नेणाऱ्या नळीच्या पेशी काम सुरू करण्यासाठी मरतात. आतला जीव संपतो, उरतात पोकळ, कडक भिंती, आणि त्यांतून पाणी शेंड्यापर्यंत चढतं. पानांत तयार झालेलं अन्न खाली आणणारी नळी जिवंत असते, पण तिच्या पेशींनी केंद्रक सोडलेलं असतं. शेजारची एक सहपेशी दोघींचा कारभार पाहते. ही दुसरी नळी सालीच्या अगदी आत असते. म्हणून बुंध्याभोवती गोलाकार साल काढली किंवा तार आवळून बांधली, की पानं वर हिरवीगार असतानाच मुळं उपाशी राहतात आणि काही महिन्यांनी झाड वाळतं. दिव्यांच्या माळांसाठी बुंध्याला करकचून बांधलेली तार दिसली तर ती सैल करायला सांगा. मी सांगते.

## पक्ष्यांचं कुठे अडतं?

वर्गात हमखास येणारा आक्षेप. पक्ष्यांच्या, बेडकांच्या, माशांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं. केंद्रक टाकणं इतकं फायद्याचं, तर पक्षी आपल्यापेक्षा जास्त प्राणवायू लागणारं उड्डाण कसं करतात?

त्यांनी अडचण दुसरीकडे सोडवली. पक्ष्यांच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेनं वाहते, आपल्यासारखी आत-बाहेर होत नाही, त्यामुळे प्राणवायू जास्त चांगला उचलला जातो. 'अनुरूप' म्हणजे सर्वोत्तम नव्हे. कुणी आराखडा काढून पेशी घडवलेली नाही. पूर्वजांकडून जे हाती आलं त्यात पिढ्यान्‌पिढ्या जे बदल तगले, ते उरले. भूपही गोड आणि मालकंसही, वर्ज्य स्वर वेगळे.

## मूलपेशी टोचल्या की झालं ना?

काकूंच्या भाच्यानं मोबाइलवर एक जाहिरात दाखवली होती. मूलपेशींच्या इंजेक्शननं नसा पुन्हा तयार होतील, खर्च काही लाख. त्या कुटुंबाची घालमेल मी पाहत होते, म्हणून याबद्दल स्पष्टच लिहिते.

मूलपेशी म्हणजे अजून राग न ठरलेली पेशी. ती अनेक प्रकारच्या पेशी होऊ शकते. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या साध्या पेशीत चार जनुकं घालून तिला पुन्हा त्या अवस्थेत नेलं, आणि गर्डन यांच्यासोबतच त्यांना नोबेल मिळालं. आपल्या पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, तिथेही पेशींचा मोठा संग्रह आणि त्यांवरचं संशोधन चालतं. विषय खरा आहे, आशाही खरी आहे. पण पेशीला कुठला स्वर लावायचा आणि कुठला वर्ज्य करायचा हे नेमकं शिकवणं फार अवघड आहे. वर्ज्य स्वर सुटले आणि पेशी नुसती वाढतच राहिली तर त्यालाच कर्करोग म्हणतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताशी संबंधित ठरावीक आजारांतलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे, आणि त्यापलीकडचा मूलपेशींचा वापर रीतसर चाचण्यांतच व्हायला हवा. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घेत नाहीत. ते लाख रुपये वाचले, याचं मला फार समाधान आहे.

"पण चेतापेशींना विभागायची मुभाच ठेवली असती तर?" भाच्यानं विचारलं. एकेका चेतापेशीचे इतर पेशींशी शेकडो, मेंदूत तर हजारो जोड असतात. आपली ओळख, सवयी, ढोलाचा ठेका, सगळं त्या जोडण्यांत साठलेलं. दोन तुकडे व्हायचे तर त्या जोडण्या मोडाव्या लागतील. चेतापेशीनं विभाजन वर्ज्य केलं म्हणून आठवण टिकते.

## तो चालेल कधी?

नातवाची पेशी मेली नव्हती. केंद्रक असलेलं तिचं शरीर मेरुरज्जूत सुखरूप होतं, बाधा झाली होती ती तंतूला. मायलिन गेलं असेल तर श्वान पेशी काही आठवड्यांत पुन्हा वेढे घालतात, कारण त्यांनी विभाजन सोडलेलं नाही. अक्षतंतूच तुटला असेल तर तो उरलेल्या टोकापासून पुन्हा वाढतो, पण दिवसाला साधारण एकच मिलिमीटर. गुडघ्यापासून अंगठ्यापर्यंतच्या अंतरासाठी वर्षाहून जास्त. तोवर स्नायू आटू नयेत, सांधे आखडू नयेत म्हणून व्यायाम करून घ्यावा लागतो. बहुतेक रुग्ण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालू लागतात, काहींना जास्त लागतात.

मी काकूंना शिवणाच्या डब्यातली टेप आणायला सांगितली आणि त्याच्या पोटरीवर धरून मिलिमीटरची एक रेघ दाखवली. आज एवढं, उद्या एवढं. मांडी आधी परत येईल, पाऊल शेवटी. त्या दिवसापासून फिजिओथेरपीच्या वहीत काकू रोज तारखेसमोर एक बारीक रेघ ओढू लागल्या.

यंदा गणपतीत तो पथकाबरोबर गेला. ढोल कमरेला बांधायला डॉक्टरांनी अजून हो म्हटलेलं नाही. उजवं पाऊल अजून थोडं ओढलं जातं. तो झांजा घेऊन ओळीच्या कडेनं चालला, आणि काकू पाण्याची बाटली घेऊन, उकळून गार केलेल्या, त्याच्या मागे.